रिटेनर घेऊन पुढची तीन वर्षं बांधून द्यायची का?

डोंबिवलीहून एका लेखकाचं पत्र आलंय, मोठं आहे, गाभा सांगतो. वय ३४, ऐरोलीत टेस्टिंगचा जॉब, हातात ७८ हजार. बायको शाळेत शिकवते, तिचे ४० हजार. मुलगी पहिलीत. घराचा हप्ता ३१ हजार, बाकी खर्च ५५ हजार, एफडीत ४ लाख, म्युच्युअल फंडात ६ लाख. एकांकिका लिहीत लिहीत एक सिनेमा लिहिला, बरा चालला. आता एका प्रॉडक्शन हाऊसने करार पाठवलाय, महिना ५० हजार रिटेनर (म्हणजे लेखकाला बांधून ठेवण्यासाठी दरमहा ठराविक रक्कम), तीन वर्षं, बदल्यात हा जे काही लिहील, सिनेमा, सिरीज, नाटक, ते आधी त्यांना दाखवायचं. विचारलंय की जॉब सोडून सही करू का, बायको नको म्हणतेय.

सर, वहिनींचं बरोबर आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणामुळे नाही. त्या म्हणतायत नोकरी म्हणजे सेफ. माझा मुद्दा वेगळाय, तुम्ही ज्याला पगार समजताय तो पगार नाहीये, उचल आहे. कराराचं सातवं कलम परत वाचा. रिटेनर "निवडलेल्या स्क्रिप्टच्या मानधनातून वळता करण्यात येईल" असं लिहिलंय. आणि नवव्यात लिहिलंय की रक्कम पूर्ण वळती होईपर्यंत कराराची मुदत आपोआप वाढेल, वाढीव काळात रिटेनर नाही. ही दोन कलमं दोन पानं सोडून ठेवलीत, सेपरेट वाचली तर काहीच वाटत नाही.

आता हिशोब करू. ५० हजार गुणिले ३६, म्हणजे १८ लाख. करारात पहिल्या स्क्रिप्टला ७ लाख, पुढच्या प्रत्येकीला १० टक्के जास्त, म्हणजे ७.७०, मग ८.४७. समजा तीन वर्षांत तीन स्क्रिप्ट घेतल्या, मानधन झालं २३.१७ लाख, त्यातले १८ तुम्हाला आधीच मिळालेत, वर ५.१७ मिळतील. म्हणजे तीन वर्षं बांधून ठेवल्याचे वेगळे पैसे किती? शून्य. दोनच घेतल्या तर १४.७० लाखांचं काम आणि १८ लाख मिळालेत, ३.३० लाख वर राहतात, महिन्याला नऊ हजाराच्या आसपास, आणि तेही तुमचे नाहीत, कारण मुदत वाढणार आणि तिसरीतून ते कापणार. आणि एकच घेतली तर? ११ लाख अंगावर, करार चालू, रिटेनर बंद. पुढची स्क्रिप्ट अख्खी फुकट आणि त्याच्या पुढचीतलेही ३.३० लाख कापून. आणि कुठली स्क्रिप्ट घ्यायची कुठली नाही हे ठरवणार ते. त्यांनी काहीच घेतलं नाही तर करार कधी संपतो हे मला तरी त्या बारा पानांत सापडलं नाही.

मी देवगडकडचा, म्हणून मला हे बघून आमची बाग आठवते. ताईच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी कलमं (आंब्याची, करारातली नव्हेत) पाच वर्षांच्या खंडाने एका व्यापाऱ्याला दिली, रक्कम एकदम हातात आली, लग्न छान झालं. पहिली दोन वर्षं पीक यथातथाच, तो कुरकुरायचा आणि आम्ही मनात म्हणायचो बरं झालं दिली. तिसऱ्या वर्षी झाडं वाकली, भावही चढा, आणि आम्ही पडवीत बसून त्याच्या पेट्या टेम्पोत चढताना बघत होतो. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याने जोखीम घेतली होती. पण बाबांनी खंड ठरवला तो गरजेवर, झाडं बघून नाही. तुमचा पहिला सिनेमा बरा चाललाय म्हणजे तुम्ही आत्ता मोहोरावर आहात. दुसरा जोरात चालला तर तुमचा रेट ७.७० राहणार आहे का? बाहेर नाही राहणार, या करारात राहणार.

पैशाचं खरं दुखणं मात्र रेटमध्ये नाही, अकराव्या कलमात आहे, मॅचिंगच्या. हे नीट समजून घ्या कारण "पहिलं आम्हाला दाखवा" या एका वाक्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक असतो फर्स्ट लुक, म्हणजे आधी त्यांना वाचायला द्यायचं, ठराविक दिवसांत हो नाही सांगायचं, नाही म्हटलं की तुम्ही मोकळे. हे ठीक आहे, पैसे घेऊन द्यायला हरकत नाही. दुसरं ऑप्शन, म्हणजे एका विशिष्ट स्क्रिप्टसाठी थोडी रक्कम देऊन वर्ष दीड वर्ष ती अडवून ठेवायची, तेवढ्यात सिनेमा उभा राहिला तर उरलेले पैसे, नाही तर स्क्रिप्ट परत. हेही ठीक. तिसरा हा मॅचिंग राइट, म्हणजे ते नाही म्हणाले, तुम्ही बाहेर गेलात, कुणीतरी १२ लाख म्हटलं, तर ती ऑफर घेऊन परत यांच्याकडे यायचं, आणि हे "आम्हीही १२" म्हणाले की त्यांचीच.

कागदावर वाटतं की यात आपलं काय जातंय, १२ तर मिळतायतच. पण तो बाहेरचा माणूस १२ म्हणेलच कशाला? त्याने तीन महिने मीटिंगा करायच्या, बजेट काढायचं, आकडा ठरवायचा, आणि शेवटी दुसऱ्याने त्याच आकड्यावर उचलून न्यायचं. इंडस्ट्री छोटी आहे, कुणाचा लेखक कुठे बांधलाय हे अंधेरीत चहाच्या टपरीवर कळतं. मग तुम्हाला बाहेरून ऑफर येणंच बंद होतं, आणि ऑफर नाही म्हणजे मॅच करायलाही काही नाही, राहिले ७.७०. त्यात त्यांनी निर्णयाला ९० दिवस मागितलेत, मॅच करायला वर ३०. एका स्क्रिप्टमागे चार महिने. वर्षाला दोन लिहिल्या तरी आठ महिने नुसती वाट बघण्यात.

करार संपल्यावरही एक वर्ष मॅचिंग चालू राहील असं जे लिहिलंय त्याची भीती बाळगू नका. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची केस याच मुद्द्याची होती. खेळाडूंची जाहिरातींची कामं बघणाऱ्या परसेप्ट डी'मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, ऑक्टोबर २००३ ला संपला, पण त्यात होतं की नंतरही दुसऱ्या एजन्सीची ऑफर आली तर आधी यांना कळवायची आणि यांना मॅच करू द्यायची. कंपनी मुंबई हायकोर्टात गेली, आधी मनाई हुकूम मिळाला, मग तिथल्याच डिव्हिजन बेंचने (एकापेक्षा जास्त न्यायाधीशांच्या पीठाने) तो उठवला, आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीला नाही म्हटलं, कारण मुदत संपल्यावर माणसाला असं बांधणं १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मध्ये बसत नाही. पण त्याच कोर्टांची भूमिका अशी की मुदतीच्या आतलं बंधन साधारणपणे चालतं. आणि तुमची मुदत तर वाढतच जाणारी आहे! शिवाय झहीरकडे दोन सव्वादोन वर्षं कोर्टात लढायची ताकद होती, तुमच्याकडे ३१ हजारांचा हप्ता आहे. म्हणून हे कलम सहीच्या आधी काढून घ्यायचं, नंतर कायद्यावर विसंबायचं नाही.

कायद्यातल्या अजून दोन गोष्टी पैशाच्या आहेत. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या लेखनाचा थिएटरबाहेर वापर झाला तर रॉयल्टीतला लेखकाचा हक्क करारानेही सोडून देता येत नाही, त्यामुळे "सर्व रॉयल्टीवर पाणी सोडतो" ही ओळ घाबरवण्यापुरतीच आहे, तरी काढायला सांगा. दुसरी, त्याच कायद्याचं कलम १९(४) म्हणतं की हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत लेखकाकडे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि तुमच्या शेवटच्या पानावर अगदी बारीक टायपात वेगळं लिहिलेलं आहे, "१९(४) लागू होणार नाही". माझ्या बघण्यात हे वाक्य जवळजवळ प्रत्येक करारात असतं, कॉपी पेस्ट होऊन येतं. ते पूर्ण उडवायला तयार होणार नाहीत, सिनेमा वर्षात उभा राहत नाही हे मलाही मान्य आहे, पण १८ किंवा २४ महिन्यांत शूटिंग सुरू नाही तर स्क्रिप्ट परत, एवढं तरी घालून घ्या.

आता घरचं. रिटेनरमधून १० टक्के टीडीएस कापून हातात ४५ हजार, वहिनींचे ४०, झाले ८५. खर्च आणि हप्ता मिळून ८६. म्हणजे पहिल्याच महिन्यात हजाराने मागे, एसआयपी बंद, कंपनीचा मेडिक्लेम गेला, पीएफ थांबला. टॅक्सची काळजी नको, पटकथा संवाद लिहिणाऱ्यांना ४४एडीए वाली सोय मिळते (नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, सीएला विचारा), वर्षाच्या ६ लाखांतले ३ लाखच उत्पन्न धरतील आणि कापलेला टीडीएस रिफंड येईल, पण तो रिटर्न भरल्यावर, हप्ता मात्र दर महिन्याला. आणि ४ लाखांची एफडी म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांचा खर्च. रिटेनर दोन महिने लटकला की, आणि तो लटकतोच, तुम्ही फंड मोडायला लागणार.

त्यामुळे जॉब सध्या सोडू नका. तसंही पूर्णवेळ इथेच काम करायचं अशी अट करारात नाही, मग राजीनाम्याची घाई का? रात्री लिहून पहिला सिनेमा झालाच ना. एफडी १० लाखांवर गेली आणि स्वतःचा फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराचा एकत्र मेडिक्लेम) काढून झाला की मग परत बोलू.

करार मात्र फेकून देऊ नका, माणसं काम करणारी वाटतायत आणि महिन्याला पैसे देऊ म्हणणारे आपल्याकडे कमीच. उलट मागणी पाठवा. मुदत १८ महिने, आपोआप वाढणार नाही. फक्त सिनेमे आणि फक्त दोन स्क्रिप्ट. फर्स्ट लुक ३० दिवसांचा, उत्तर आलं नाही तर नकार समजायचा, मॅचिंग पूर्ण बाद. रिटेनर ५० ऐवजी ३० हजार चालेल पण वळता न होणारा, तीच तुम्हाला थांबवून ठेवण्याची किंमत, आणि तो ४५ दिवस थकला की करार रद्द. दुसऱ्या स्क्रिप्टचा रेट १० टक्के वाढ किंवा मधल्या काळात बाहेर मिळालेलं जास्तीत जास्त मानधन, दोन्हीपैकी जे मोठं ते. घासाघीस झाली तर मी रिटेनर २० वर आणायला तयार होईन, मॅचिंगवर अजिबात नाही.

आणि नाटक यातून बाहेर, यावर अडून बसा. नाटकाचं मानधन प्रयोगागणिक येतं, छोटं असतं पण वर्षानुवर्षं येऊ शकतं, आणि चाललेल्या नाटकाचे सिनेमाचे हक्क ही तर तुमची खरी बाग. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की एका एकांकिकेचं दोन अंकी करताय. ते या लोकांना सांगितलंय का? नसेल तर आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनची मेंबरशिप घेऊन ते रजिस्टर करा, मग ड्रॉवरमधल्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टींची नावं आणि दोन दोन ओळी लिहून यादी करा, आणि "या आधीपासूनच्या आहेत, कराराबाहेर" म्हणून जोडूनच उत्तर पाठवा.

तुम्ही म्हणता त्या दुसऱ्या निर्मात्याचा सिरीजबद्दलचा मेल दहा दिवस तसाच पडलाय. त्याला आजच रिप्लाय करा.