पाच गार्ड, ८० मिनिटं: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : १७ वर्षांखालील मुलांच्या बास्केटबॉल संघात माझ्याकडे पाच गार्ड (बॉल वर आणून खेळ उभा करणारे खेळाडू) आहेत. तिघं साधारण एकाच तयारीचे, दोघं नवे. सगळ्यांना खेळवायचं असं दर वेळी ठरवतो, पण स्कोअर अटीतटीचा झाला की पहिले दोघंच पस्तीस-पस्तीस मिनिटं खेळतात आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे पाय उचलत नाहीत. वाटणी कशी करावी? (प्रशिक्षक, सांगली)

वाटणी आदल्या दिवशी कागदावर करा. सामना रंगात आल्यावर बेंचकडे बघून कोणाला पाठवायचं हे ठरवायला गेलं की दर वेळी भरवशाचंच नाव तोंडात येतं. त्यात तुमचा दोष नाही, त्या घाईत दुसरं काही सुचतच नाही.

हिशेब सोपा आहे. १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि गार्डच्या दोन जागा, म्हणजे वाटायला ८० मिनिटं. तुमच्या तिघा तयार मुलांना अ, ब, क म्हणू आणि नव्यांना ड, इ. पहिल्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं अ आणि ब. मग अ बाहेर, क आत. ही शेवटची चार मिनिटं बॉल क ने वर आणायचा, म्हणजे सलग दहा मिनिटं खेळणाऱ्या ब वरचा ताण थोडा हलका होतो. दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं क आणि ड, पुढची पाच अ आणि इ. तिसऱ्यात सहा मिनिटं अ-ब, चार मिनिटं क-ड. चौथ्याची पहिली चार मिनिटं ब आणि इ. इथवर अ ची १७ मिनिटं झाली, ब ची २०, क ची १३, ड आणि इ ची प्रत्येकी ९. शेवटच्या सहा मिनिटांत अ ताजातवाना आत येतो. त्याच्या जोडीला ब की क, एवढा एकच निर्णय त्या दिवशीचा खेळ बघून घ्यायचा. म्हणजे ऐन वेळी डोक्याला ताप एका जागेचा, दोन्ही जागांचा नाही.

या तक्त्यात दोन गोष्टी मुद्दाम सांभाळल्या आहेत. ड आणि इ एकत्र कधीच कोर्टवर नाहीत. समोरच्या संघाने फुल कोर्ट प्रेस लावली, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन बचाव केला, तर बॉल निभावून नेणारा एक तरी तयार हात हवा, नाहीतर नियमाच्या आठ सेकंदांत हाफ कोर्ट ओलांडणंच जमत नाही. दुसरं म्हणजे चार मिनिटांपेक्षा छोटी पाळी कोणालाच नाही. नव्या मुलाची पहिली दोन मिनिटं समोरच्याचा वेग समजून घेण्यातच जातात. बॉल जरा हातात बसू लागतो तोवर त्याला बाहेर बोलावलं तर तो काय शिकणार? तीनदा दोन-दोन मिनिटं म्हणजे सलग सहा मिनिटं नव्हेत. आणि वीस गुणांची आघाडी असताना शेवटची दीड मिनिटं दिली तर ती मोजूच नका. तेव्हा समोरचा संघही नीट खेळत नसतो. दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात आणि तिसऱ्याचा शेवट, दुसऱ्या फळीचा गार्ड तिथे घडतो.

अडचण येते ती बदली करताना. सहाव्या मिनिटाला बदल म्हणजे बरोबर सहाव्या मिनिटाला नव्हे. बॉल डेड (खेळ थांबलेला) आणि घड्याळ बंद असल्याशिवाय बदली होत नाही, आणि एरवी बास्केट झाली तरी घड्याळ चालूच असतं. कधी कधी दीड-दोन मिनिटं शिट्टीच वाजत नाही. म्हणून ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधीच मुलाला स्कोअर टेबलाकडे पाठवा. बदली त्याने स्वतः मागायची असते, तुम्ही बेंचवरून ओरडून उपयोग नाही. त्याला जाताना एकच काम सांगा : ‘त्यांचा ७ नंबर उजवीकडूनच जातो, त्याला डावीकडे वळव.’ पाच सूचना दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

थकवा ओळखायला एका सहायकाला मनातल्या मनात सेकंद मोजायला बसवा. ताजा गार्ड चार-पाच सेकंदांत बॉल हाफ कोर्टपलीकडे नेतो. तोच मुलगा सहा-सात सेकंद घ्यायला लागला, बचावात गुडघे सरळ करून उभा राहू लागला, पहिल्याच पावलाला मागे पडू लागला की तक्ता बाजूला ठेवून त्याला बाहेर घ्या.

प्रत्येक जोडी आत गेली तेव्हाचा आणि बाहेर आली तेव्हाचा स्कोअर वहीत टिपून ठेवा. एका सामन्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका, समोर त्यांची कच्ची फळी असेल तर कोणतीही जोडी चांगली दिसते. चार-पाच सामन्यांचे आकडे एकत्र पाहिले की ब-क ची जोडी चालते का, हे कळू लागेल.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांखालील संघात आहे. प्रॅक्टिस चुकवत नाही, पण सामन्यात जेमतेम दोन मिनिटं मिळतात. सरांशी बोलावं का? (एक आई, नागपूर)

जरूर बोला, ताई. फक्त सामन्याच्या दिवशी नको आणि दुसऱ्या पालकांसमोर नको. प्रॅक्टिस संपल्यावर दहा मिनिटं मागून घ्या आणि मुलीलाही सोबत उभं करा. ‘हिला का खेळवत नाही’ असं विचारलं की कोणीही आपली बाजू सांभाळूनच बोलणार. त्याऐवजी ‘सलग पाच मिनिटं मिळायला हिला नेमकं काय जमायला हवं?’ असं विचारा. डाव्या हाताने ड्रिबल करताना मान वर राहत नाही, बचावात स्क्रीन (वाट अडवून उभी राहिलेली समोरची खेळाडू) आली की ती अडकते, असं नेमकं उत्तर मिळालं तर महिनाभर त्यावरच मेहनत घेता येईल. दुसऱ्या मुलीचं नाव मात्र काढू नका.

आणि हे प्रशिक्षकांनीही वाचावं म्हणून इथेच लिहितो : चौदाखालील वयात संघातल्या प्रत्येकीला पहिल्या तीन क्वार्टरमध्ये सलग पाच मिनिटं मिळायलाच हवीत. स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर भीती वाटते, हे समजतं. पण आज उंचीने लहान म्हणून बसवलेली मुलगी सोळाव्या वर्षी तुमची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी मुख्य गार्ड, होऊ शकते. तोपर्यंत ती खेळात टिकली पाहिजे.

प्रश्न : टर्नओव्हर केला, म्हणजे बॉल समोरच्या संघाला गमावला, की लगेच बाहेर काढावं का? (क्रीडाशिक्षक, सातारा)

नाही. लगेच काढलं की पुढच्या वेळी तो मुलगा पास देण्याआधी बेंचकडे बघतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात पासची वाट बंद झालेली असते. निदान दोन पझेशन (बॉल आपल्या संघाकडे असण्याच्या पाळ्या) जाऊ द्या. मोकळ्या खेळाडूकडे दिलेला पास थोडा चुकला तर ती कौशल्याची चूक, ती खेळूनच सुधारते. तीच चूक लागोपाठ तिसऱ्यांदा झाली, किंवा बॉल गेल्यावर तो बचावाला मागे धावलाच नाही, तर बाहेर घ्या. शेजारी बसवा, काय झालं ते दोन वाक्यांत सांगा आणि परत कधी पाठवणार तेही सांगा.

प्रश्न : मुख्य पॉइंट गार्डला पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल लागले तर? (प्रशिक्षक, पणजी)

पाचव्या फाउलला तो बाहेर जातो, म्हणून बहुतेक जण त्याला हाफ टाइमपर्यंत बसवतात. आमच्या मते तेवढी गरज नसते. फाउल कसे लागले ते आधी बघा. ड्रिबल करणाऱ्याच्या बॉलवर हात टाकल्यामुळे लागले असतील तर तीन-चार मिनिटं बसवा, पाय हलवायची आठवण द्या आणि परत पाठवताना त्यांच्या कमी ड्रिबल करणाऱ्या गार्डवर त्याला लावा. तेही जमत नसेल तर थोडा वेळ झोन खेळा, म्हणजे प्रत्येकाने एका खेळाडूऐवजी आपापली जागा राखायची. तिसरा फाउल हाफ टाइमच्या आधी लागला तर मात्र तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात त्याच्याशिवाय करा. संघाच्या फाउलवरही नजर हवी : क्वार्टरमध्ये चार झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलवर दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे पहिल्या चारांतले दोन एकाच गार्डने घालवले तर उरलेल्या चौघांनाही हात आखडता घ्यावा लागतो.