बत्तीस घोड्यांची फियाट शर्यतीत कशी धावली?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत फियाटच्या घरगुती गाड्यांवरून रेसिंग कार बनवायचे, असं वाचलं. ३२ हॉर्सपॉवरचं इंजिन शर्यतीत काय दिवे लावणार? नुसतीच हौस ना ही?

उत्तर : हौस होतीच, पण तुम्ही इंजिन बघताय आणि वजन विसरताय. फियाट ११०० चं १०८९ सीसीचं इंजिन साडेआठशे किलोच्या आसपासची गाडी ओढायचं. १९४६ मध्ये तुरीनच्या पिएरो दुसिओंनी तेच इंजिन घेऊन आपल्या चिझितालिया कंपनीची डी ४६ ही रेसिंग कार काढली. तिचं वजन ४०० किलोंच्याही आत! आराखडा दान्ते जाकोसांचा, म्हणजे फियाटची तोपोलिनो ही छोटी गाडी ज्यांनी घडवली त्यांचाच. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या बारीक नळ्या जोडून सांगाडा केलेला. दुसिओंकडे सायकलीही बनत, त्यामुळे नळ्यांचं काम घरचंच. पैसा आणि माल दोन्हींची चणचण असताना नवं इंजिन कोण ओतत बसणार? फियाटचे सुटे भाग देशभर मिळत होते.

इंजिनाची ताकद साठेक हॉर्सपॉवरपर्यंत नेली, पण मला त्याहून आवडतो तो ड्राय संप. साध्या इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये असतं. जोरात वळलात की ते एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगची वाट लागते. ड्राय संपमध्ये तेलाची टाकी वेगळी. शिवाय खालचं चेंबर उथळ झाल्यामुळे इंजिनही खाली बसवता येतं.

आता निकाल. १९४७ च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या हजार मैलांच्या रस्ता शर्यतीत, चौपन्न वर्षांचे, आजारी नामवंत रेसर ताझिओ नुवोलारी चिझितालियाच्या एका उघड्या गाडीत बसले आणि प्रतिस्पर्धी बियोंदेत्तींच्या २.९ लिटर अल्फा रोमिओच्या पुढे निघून गेले. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं आणि पहिला नंबर हुकला. दुसरा मात्र त्यांचाच. तिसरी आणि चौथीही चिझितालियाच. हौशी लोकांना हे जमत नाही.

दुसिओ बुडाले ते या छोट्या गाड्यांमुळे नव्हे. पोर्शेच्या मंडळींकडून त्यांनी ग्रां प्रीची भारी गाडी करून घ्यायला काढली, तिनं तिजोरी रिकामी केली.

प्रश्न : फियाटवरूनच रेसिंग कार बनवणाऱ्या अबार्थच्या गाड्यांवर विंचवाचं चिन्ह का? आणि शर्यतीत इंजिनाचं मागचं झाकण उघडं का ठेवत?

उत्तर : कार्लो अबार्थ यांचा जन्म १५ नोव्हेंबरचा, रास वृश्चिक. इतकंच. चिझितालियातून बाहेर पडून १९४९ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. सायलेन्सर विकायचे आणि शर्यती खेळायच्या, असा त्यांचा संसार.

झाकणाचं कारण उष्णता. १९५५ च्या फियाट ६०० चं इंजिन मागे, ६३३ सीसीचं. अबार्थनी ते ७४७ पर्यंत वाढवलं आणि पुढे आणखी. ताकद वाढली की उष्णता वाढणारच, आणि मागच्या त्या एवढ्याशा कप्प्यात ती जाणार कुठे? म्हणून झाकण दांड्यांवर टेकवून उघडं ठेवलं. फोटोत बघाल तर डिकी लावायची राहून गेलीय असंच वाटतं.