सेकंडहँड रोलँड एक्सपी-५० घेतलाय, फ्लॉपी ड्राइव्ह बंद आहे. नवीन टोन कुठून मिळवायचे आणि कसे लोड करायचे? विकतचा टोन पॅक घ्यावा का?

पॅक घेऊ नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

एक्सपी-५० हा १९९५ चा कीबोर्ड आणि त्याचं इंजिन जेव्ही-१०८० या रोलँडच्याच साउंड मॉड्यूलचं. त्यामुळे जेव्ही-१०८० साठी जगभरच्या लोकांनी बनवून फुकट ठेवलेल्या बँका, म्हणजे पॅचचे संच (पॅच म्हणजे एका आवाजाचं सेटिंग, बोलताना आपण त्यालाच टोन म्हणतो), तुमच्याकडे बहुतेक जशाच्या तशा चालतील. शोधताना एक्सपी-५० ऐवजी जेव्ही-१०८० आणि सिसेक्स (मिडी वायरीतून सेटिंग पाठवायची पद्धत) हे शब्द टाका, कितीतरी जास्त सापडेल.

फ्लॉपी लागत नाही. चांगला यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या. एकदम स्वस्त वायर घेऊ नका, लांब सिसेक्स फाइल तिच्यातून तुटून येते आणि डिस्प्लेवर चेकसम एरर दिसतो. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्ररियन, दोन्ही फुकट. कीबोर्डवर एक्स्क्लुझिव्ह रिसीव्ह चालू, डिव्हाइस आयडी १७, मेमरी प्रोटेक्ट बंद. बफर फुल असं दाखवलं तर सॉफ्टवेअरमध्ये दोन मेसेजमधलं अंतर वाढवा. मिडीचा वेगच सेकंदाला ३१,२५० बिट आहे, १२८ पॅचची बँक जायला वेळ लागणारच, मध्येच काही दाबू नका. सुटा पॅच पाठवला तर तो बहुतेक वेळा तात्पुरत्या जागेत येतो. राइट, म्हणजे सेव्ह, केला नाही आणि दुसरा पॅच निवडला, की गेला.

आता पॅक का नको ते. पॅचमध्ये आवाज नसतोच. कुठली वेव्ह (मूळ रेकॉर्ड केलेला आवाज) घ्यायची, फिल्टर (आवाज किती उजळ ठेवायचा) किती, एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो) कसा, एवढीच माहिती असते. वेव्ह कीबोर्डच्या रॉममध्ये किंवा आत बसवलेल्या एक्स्पान्शन बोर्डवर असतात. सितार-संतूरचे कित्येक पॅच एसआर-जेव्ही८०-१४ म्हणजे एशिया बोर्ड धरून बनवलेले असतात. तुमच्या कीबोर्डमध्ये तो बोर्ड नसेल तर पॅचचं नाव दिसेल, पण आवाज येणार नाही किंवा अर्धाच येईल. विकणारा हे सांगत नाही. मी उघडून पाहिलेल्या पॅकमध्ये फुकट बँकांतलेच पॅच नावं बदलून भरलेले होते.

आणि मला हे टोचतं, कारण मी वाढलो तेच टोन लपवण्याच्या वातावरणात. परळ-लालबागच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा आमच्या ग्रुपमधले ज्येष्ठ कीबोर्डवाले डिस्प्लेवर काळी चिकटपट्टी लावून बसायचे. पॅचचा नंबर बाजूच्याला दिसू नये म्हणून. फ्लॉपी शर्टाच्या खिशात, चहाला गेले तरी खिशात. गणपतीतल्या एका कार्यक्रमाला ते येणार नव्हते आणि लग्नाच्या गाण्यात सनईचा तुकडा मला वाजवायचा होता. म्हटलं, "दादा, सनईचा टोन द्या, या एका गाण्यापुरता." ते म्हणाले, "आज टोन दिला तर उद्या माझी सुपारी तू घेशील." सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं काम.

मग घरी हेडफोन लावून बसलो. सनई आणि ओबो दोन्ही दुहेरी पत्तीची, शंकूसारख्या नळीची वाद्यं, म्हणून ओबोच्या वेव्हपासून सुरुवात केली. कोरस पूर्ण काढला. पॅच सोलो केला (एका वेळी एकच सूर), लेगाटो (सूर जोडून) चालू, पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) अगदी थोडा. फिल्टरचा रेझोनन्स वाढवून आवाज नाकात आणला. बरं वाटलं, पण तरी कीबोर्डच वाटत होता.

गिरगावात आमच्या चाळीत एक सनईवाले काका राहायचे, लग्नसराईत हॉलच्या दारात चौघडा घेऊन बसायचे. त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "ओळखू येतंय. पण फुंक कुठाय? आणि सनई सुरावर अशी धपकन येत नाही रे, खालून चढते." त्यांनी मला सनई काढून दाखवलं. एकच सा, पण प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने आलेला. त्या रात्री मी पिच एन्व्हलप सुरुवातीला जरासा खाली ठेवला, स्वर तिथून झटकन वर येईल असा. एका पॅचमध्ये चार टोन (इथे टोन म्हणजे पॅचचा एक थर) बसतात, त्यातल्या दुसऱ्यावर छोटासा श्वासाचा नॉइज टाकला. व्हायब्रेटो उशिरा येईल असा ठेवला. बेंडर (सूर वाकवायची दांडी) दोन सुरांचा, मींड हाताने.

कार्यक्रमात तो तुकडा झाल्यावर समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं चालू असताना. ते मी आजही अभिमानाने सांगतो.

पुढच्या तालमीला दोन पोरांनी टोन मागितला, मी फ्लॉपी देऊन टाकली. दादांना कळलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू धंदा बुडवतोस." हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही, आणि माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. माझी फ्लॉपी नेलेल्यांपैकी कुणी टोनच्या जोरावर माझी सुपारी नेली नाही. गायक ऐनवेळी अर्धा सूर खाली उतरतो, तेव्हा कीबोर्डवाला कुठे असतो हे बघून संयोजक पुन्हा बोलावतो. डिस्प्लेवरची पट्टी त्यात काही करत नाही. टोन लपवल्यामुळे एवढंच झालं, की आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना फिल्टर म्हणजे काय हेच कळलं नाही, कारण कुणी उघडून दाखवलंच नाही.

तेव्हा तुम्ही शंभर पॅच जमवण्यापेक्षा एक घ्या आणि त्याचे चारही टोन एकेक बंद करून ऐका. कुठला टोन काय करतो ते कानाला कळेल.

दोन गोष्टी राहिल्या. नवीन बँक पाठवण्याआधी युटिलिटीतल्या डेटा ट्रान्सफरमधून तुमची युजर बँक कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कारण येणारी बँक जुनी पुसून टाकते. कीबोर्ड सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने केलेलं चांगलं काम त्यात असू शकतं. बॅटरी लो असं दिसत असेल तर बॅटरी बदलायच्या आधीच हे करा, बदलताना युजर मेमरी जाते. दुसरं, पॅच मोडमध्ये छान वाटलेला टोन परफॉर्मन्स मोडमध्ये (जिथे अनेक पॅच एकत्र वाजतात) कोरडा वाटला तर पॅच बिघडलेला नाही. तिथे इफेक्ट परफॉर्मन्सचा लागतो, इफेक्ट सोर्समध्ये तुमचा पार्ट निवडावा लागतो.

हे सगळं रोलँडच्या या पिढीपुरतं आहे. यामाहा-कॉर्गला सिसेक्सची पद्धत तीच, पण फाइल एकमेकांच्या चालत नाहीत.

सनईचा पॅच हवा असेल तर मेसेज करा, फाइल पाठवतो. त्याला कुठलाही बोर्ड लागत नाही, आणि पुढे कुणालाही द्या.