वडावरची वटवाघळे, त्यांच्या अंगावरच्या माश्या आणि जिवाणू : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

सावंतवाडी आणि दोडामार्ग परिसरातील बागायतदारांकडून वटवाघळांविषयी काही प्रश्न आले आहेत, त्यांची उत्तरे एकत्रच देत आहे. एका बागायतदारांच्या पोफळीच्या आगराला लागून जुना वड आहे व त्यावर मोठ्या वटवाघळांची वसाहत आहे. वडाखाली मरून पडलेल्या वटवाघळाच्या केसांत त्यांना कोळ्यासारखे दिसणारे, भरभर पळणारे किडे आढळले. हे किडे गोचिडासारखा रोग पसरवतात का, वड तोडावा की त्यावर कीटकनाशक फवारावे, असे त्यांनी विचारले आहे. एका भगिनींना जुन्या वखारीतील लहान वटवाघळांची लेंडी भाजीपाल्याला घालायची आहे. तिसरा प्रश्न वटवाघळांनी टाकलेली फळे गुरांना घालण्याचा आणि सुपारी गोळा करण्याचा आहे.

आधी त्या किड्यांविषयी. ते कोळी नव्हेत आणि गोचीडही नव्हेत. पाय मोजल्यास ते सहाच भरतील. ती पंख नसलेली माशी असून वटवाघळाच्या केसांत राहून त्याच्याच रक्तावर जगते. मोठ्या वटवाघळावर आढळणाऱ्या अशा एका माशीचे शास्त्रीय नाव सायक्लोपोडिया सायक्सी असे आहे. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या प्राणिसृष्टीचा अभ्यास करणारे कर्नल साइक्स यांच्यावरून ते पडले, म्हणजे हा जीव आपल्याकडे नव्याने आलेला नाही. या माशीची मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात पूर्ण वाढवते आणि वटवाघळांच्या बसण्याच्या जागेजवळ आणून सोडते, तिथे तिचा कोष होतो. वटवाघूळ मेले की माश्या थंड पडणारे अंग सोडून इकडेतिकडे धावू लागतात, आणि आपल्या बागायतदारांना दिसले ते हेच. दुसरे वटवाघूळ न मिळाल्यास त्या फार काळ जगत नाहीत. माणसावर किंवा गुरांवर त्या वस्ती करत नाहीत.

या माश्यांत आणि वटवाघळांच्या रक्तात बार्टोनेला गटाचे जिवाणू जगाच्या अनेक भागांत सापडले आहेत. हे जिवाणू तांबड्या रक्तपेशींत राहतात, आणि वटवाघूळ स्वतः सहसा आजारी दिसत नाही. याच गटातील एका जातीमुळे मांजराच्या ओरखड्यातून माणसाला ताप येतो व गाठी सुजतात. तिचा प्रसार मांजरांमध्ये पिसवांमार्फत होतो. वटवाघळांकडून माणसापर्यंत हे जिवाणू पोहोचू शकतात का, याविषयी दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. अमेरिकेतील एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत सापडलेली व २०१० मध्ये नोंदली गेलेली बार्टोनेलाची एक जात पुढे फिनलंडमधील वटवाघळांच्या रक्तातही आढळली. दुसरी नोंद नैऋत्य नायजेरियातील आहे. तिथे पारंपरिक उत्सवात लोक गुहांत शिरून फळे खाणारी वटवाघळे हातांनी पकडतात व खातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या परिसरातील २०४ जणांच्या रक्ताची तपासणी झाली आणि ८ जणांत वटवाघळांमधील बार्टोनेलाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे त्या जिवाणूशी शरीराचा संबंध आल्याची रक्तातील खूण, सापडली. जिथे माणसे गुहेत शिरून वटवाघळांना प्रत्यक्ष हाताळतात तिथेही प्रमाण एवढेच आहे, हे पाहता वडाखालून जाणाऱ्या-येणाऱ्या बागायतदाराने घाबरून जाण्याचे कारण नाही; मात्र मेलेले किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नये.

दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळल्यामुळे अंगावर किडा दिसला की मनात तीच शंका येते, हे समजण्यासारखे आहे. माकडताप हा विषाणूचा आजार असून तो जंगलातील पालापाचोळ्यात असणाऱ्या गोचिडांमार्फत पसरतो. या माश्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

वड तोडू नये आणि त्यावर फवारणीही करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. माश्या केसांच्या आत असल्याने फवाऱ्याने त्या मरत नाहीत, औषध मात्र खाली आगरात, पाटात आणि विहिरीत उतरते. झाड तोडल्यास वसाहत नाहीशी होत नाही. ती फुटून शेजारच्या वाडीतील चार झाडांवर जाते, आणि पिल्ले अंगाला बिलगलेली असताना तोड झाली तर खाली पडलेली पिल्ले उचलायला मुले आणि कुत्री धावतात, म्हणजे जो संपर्क टाळायचा तोच वाढतो. शिवाय फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी ठरवणारी वन्यजीव कायद्याची जुनी पाचवी अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली आहे. त्यामुळे ‘ती उपद्रवीच आहेत’ असे समजून हात घालणे आता कायद्यानेही अंगाशी येऊ शकते. उंडी, जांभूळ, बकुळ यांचे बी दूरवर नेऊन टाकणारे हेच प्राणी आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

गुरांच्या बाबतीत मी बार्टोनेलापेक्षा लेप्टोस्पायराची काळजी अधिक करेन. हा जिवाणू मूत्रातून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात टिकतो. अनेक देशांत तो वटवाघळांच्या मूत्रपिंडातही सापडला आहे, तरी आपल्याकडे माणसाला होणाऱ्या लागणीत उंदीर आणि गुरे यांचाच वाटा मोठा आहे. गाभण जनावर गाभडण्यामागे जी कारणे असतात त्यांतही लेप्टोस्पायरा आहे. म्हणून गुरांची पाण्याची डोणी वडाखालून हलवावी, तिथली विहीर जाळीने झाकून तिच्यात ग्रामपंचायतीमार्फत नियमित टीसीएल (जंतुनाशक) पावडर टाकून घ्यावी, आणि पायाला जखम असताना चिखलात अनवाणी उतरू नये. चिखलातील कामानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि शेतीकामाची माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी.

मेलेले वटवाघूळ उचलताना रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून उचलावे, दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि हात साबणाने धुवावेत. वटवाघूळ चावले किंवा नख लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे, कारण तिथे प्रश्न जिवाणूंचा नसून रेबीजच्या लसीचा असतो.

वखारीतील लेंडी हे नत्राचे चांगले खत आहे, पण ताजी लेंडी भाजीला, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी यांना घालू नये. तिच्यात साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, आणि कोरडी लेंडी खरवडताना उडणाऱ्या धुळीतून फुप्फुसांना बाधणारी बुरशीही श्वासात जाऊ शकते. आधी पाणी शिंपडून ती ओलसर करावी, तोंडाला एन-९५ मास्क बांधावा, मग गोळा करून शेण व पालापाचोळ्याबरोबर ढीग लावावा. ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता तयार झाली पाहिजे व तो अधूनमधून उलटला पाहिजे. साधारण तीन महिन्यांनी खत वापरास येते. वखारीत मात्र आणखी एक गोष्ट पाहावी. लहान वटवाघळांच्या वस्तीत भिंतीच्या फटींमध्ये मऊ पाठीची गोचीड दडलेली असते. वटवाघळे निघून गेल्यावर ती उपाशी राहते आणि माणसालाही चावू शकते. तिच्यात बोरेलिया व रिकेट्सिया गटांचे जिवाणू काही देशांत आढळले आहेत. म्हणून वटवाघळांना धूर करून हुसकावू नये. पिल्ले उडू लागल्यावर, संध्याकाळी सगळी बाहेर पडली की येण्या-जाण्याची भोके जाळीने बंद करावीत, लगेच फटी गिलाव्याने बुजवाव्यात आणि काही दिवस वखारीत कोणी झोपू नये.

अर्धवट खाल्लेले आंबे, पेरू, चिकू स्वतः खाऊ नयेत आणि डुकरांना किंवा गुरांनाही घालू नयेत. १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू डुकरांमध्ये शिरला तो वराहपालन केंद्रांलगतच्या फळबागांत वटवाघळांनी टाकलेल्या फळांमधून, असे मानले जाते. अशी फळे खड्ड्यात पुरावीत, आणि जिथे परवडते तिथे आंब्याला कागदी पिशव्या बांधाव्यात. माडी काढणाऱ्यांनी मडक्याचे तोंड झाकून ठेवावे. सुपारीची गोष्ट वेगळी आहे. ती महिना-सव्वा महिना कडक उन्हात वाळते आणि मगच सोलली जाते, तेवढ्यात लेप्टोस्पायरासारखा ओलाव्यावर जगणारा जिवाणू टिकत नाही. वाळलेले काजूचे बी तर सहसा भाजल्या किंवा वाफवल्याशिवाय फोडले जात नाही. त्यामुळे वडाखालची सुपारी आणि काजू बी खुशाल गोळा करावी. सकाळी गोळा करताना हातमोजे घालावेत व घरी आल्यावर जेवणापूर्वी हात धुवावेत. एकाच दिवशी अनेक वटवाघळे मरून पडलेली दिसली तर कशालाही हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.