सहा महिने सतत थकवा आहे, हिमोग्लोबिन 'ठीक' आलंय. पुन्हा डॉक्टरकडे जाऊ का? कुठल्या?

जा. आणि या खेपेला टॉनिकची बाटली घेऊन परत येऊ नका, कारण विचारून या.

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते असं: वय ३६, बैठी नोकरी, दोन मुलं. गेले सहा महिने सकाळी उठल्यापासूनच अंग गळून गेलेलं, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप, आठ तास झोपूनही डोळ्यांवर झापड. जवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, १२.४ आलं, 'ठीक आहे' म्हणून टॉनिक लिहून दिलं. आणि घरचे म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी (लॅब-तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून तालुक्याच्या गावी लॅब चालवतो. औषध काय घ्यावं हे मी सांगणार नाही, पण 'अशक्तपणा आलाय' म्हणणाऱ्या माणसांचं रक्त रोज माझ्या हातून जातं. कागदावर काय दिसतं आणि काय निसटतं, एवढं सांगू शकतो.

आधी तुमचा १२.४ हा आकडा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ. तुम्ही रेघेच्या वर आहात, म्हणून 'ठीक'. पण शरीर आधी साठवलेलं लोह खर्च करतं आणि हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळून धरतं. कोठार रिकामं झाल्यावर मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं. कोठारात किती शिल्लक आहे ते फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं. १५ च्या खाली म्हणजे खडखडाट, आणि त्रास असेल तर बरेच फिजिशियन ३० च्या आतच सावध होतात. (अंगात ताप किंवा कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं, म्हणून ते आजारपणात करू नये.)

माझ्या सख्ख्या वहिनीचं हिमोग्लोबिन १२.१ होतं. फेरिटिन निघालं ६. गंमत म्हणजे ते कुणी रक्ताकडे बघून ओळखलं नाही. वहिनी स्वयंपाक करता करता डब्यातले कच्चे तांदूळ मूठमूठ तोंडात टाकायची, आणि घरात त्यावरून चेष्टा चालायची. जिल्ह्याच्या गावच्या फिजिशियननी सहज विचारलं, 'तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल असलं काही खावंसं वाटतं का?' ती लाजून हो म्हणाली आणि त्यांनी लगेच चिठ्ठीवर फेरिटिन लिहिलं. तुम्हालाही असं काही होत असेल तर लाजू नका, सांगा. बर्फ चघळावासा वाटणं हेही त्यातलंच.

खरी गोष्ट मात्र त्याच्या पुढची आहे. फेरिटिन ६ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून ते थांबले नाहीत. पाळी किती दिवस चालते, पॅड किती वेळानं बदलावं लागतं, गुठळ्या पडतात का, रात्री उठावं लागतं का, हे सगळं विचारलं आणि सोनोग्राफी करायला लावली. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, निघाला. म्हणजे लोह कमी होतं हा परिणाम होता, दर महिन्याला रक्त जात होतं हे कारण. नुसत्या गोळ्या दिल्या असत्या तर एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून वाहून जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं असतं. आपल्याकडे हेच होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. इतकं सर्रास असल्यामुळे 'बायकांना असतंच' म्हणून विषय संपतो, आणि रक्त जातंय कुठे हे कुणी विचारत नाही.

पुरुषांच्या बाबतीत तर हा प्रश्न विचारायलाच हवा. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आप्पा 'बाटली लावून द्या, जोर नाही राहिला' म्हणत दवाखान्यात जायचे. हिमोग्लोबिन बघितलं तर सातच्या आसपास. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पेशी बारक्या आणि मधे पांढुरक्या पडलेल्या. गुडघेदुखीसाठी ते मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून महिनोनमहिने खात होते, आणि शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. दुर्बीण टाकल्यावर जठरात अल्सर दिसला. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता असेल तर पोटातून कुठे रक्त जातंय का हे बघितलंच पाहिजे. कधीकधी ते मूळव्याधीतून जातं, कधी कॅन्सरच्या गाठीतून. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

बाटलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अशक्तपणाला म्हणून जी अर्ध्या लिटरची ग्लुकोजची बाटली लावतात, ती बहुधा पाच टक्क्यांची असते. म्हणजे आत २५ ग्रॅम साखर. रसवंतीवरचा एक मोठा ग्लास रस याहून जास्त साखर देतो, आणि सुईही टोचावी लागत नाही. उलट्या-जुलाबानं पाणी कमी झालेल्या माणसाला सलाइन जीवदान असतं. पण सहा महिन्यांच्या थकव्याला त्याचा उपयोग एक संध्याकाळ बरं वाटण्यापुरता.

तसंच ते लाल इंजेक्शन, बी-१२ चं. दूध-अंडी-मांस सोडून हे जीवनसत्त्व जवळपास कशात नसतं, त्यामुळे शाकाहारी घरांत कमतरता खूप सापडते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ती होते. पायाला मुंग्या, तळव्यांची आग, लालबुंद गुळगुळीत जीभ अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. पण लोक आधी दोन-चार इंजेक्शनं घेतात आणि मग माझ्याकडे बी-१२ तपासायला येतात. आकडा फुगलेला येतो, मूळ किती होतं ते आता देवालाच ठाऊक. आधी रक्त द्या, मग सुई. आणि नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. त्यानं रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, बी-१२ कमी असल्यामुळे नसांचं होणारं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं.

एक बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या पूर्ण मोजणीच्या, कागदावर एमसीव्ही असा एक ओझरता बघितला जाणारा रकाना असतो, तांबड्या पेशींचा सरासरी आकार. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं तर सरासरी छान मधोमध येते आणि रिपोर्ट देखणा दिसतो! अशा वेळी त्याच कागदावरचा आरडीडब्ल्यू हा आकडा वाढलेला असतो, म्हणजे पेशी एकसारख्या आकाराच्या नाहीत. तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन नको, पूर्ण सीबीसी करून घ्या, आणि तो सगळा कागद डॉक्टरांपुढे ठेवा, फोनवर एक आकडा सांगू नका.

बाकीचं भराभर. थायरॉइडसाठी टीएसएच. वजन वाढणं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळी जास्त जाणं हे सोबत असेल तर नक्कीच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा, काही मशिनवर त्यानं थायरॉइडचे आकडे चुकतात. साखरेसाठी एचबीएवनसी, शिवाय किडनी आणि लिव्हर. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर टीबीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. धाप लागते म्हणालात, म्हणून छाती तपासून ईसीजीही काढतील.

'फुल बॉडी चेकअप, ८० तपासण्या' वाली पॅकेजं हे याला उत्तर नाही. स्वतःच्या धंद्याविरुद्ध लिहितोय, पण त्या ऐंशीतल्या वीसेक एकट्या सीबीसीच्या ओळी असतात, काही दोन आकड्यांचे नुसते भागाकार असतात, आणि फेरिटिन अनेकदा त्यात नसतंच. आधी डॉक्टर, मग ते लिहितील तेवढ्याच तपासण्या. खर्चही कमी होतो.

कुठल्या डॉक्टरकडे? एमडी मेडिसिन, ज्यांना आपण फिजिशियन म्हणतो. खर्चाचा प्रश्न असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत केलेत. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून होतंय, वजन किती बदललं, पाळीचे दिवस, आणि घेत असलेलं प्रत्येक औषध. काढा, भस्म, सर्दीची गोळी, सगळं. ॲलर्जीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा मरगळ येते. आणि 'थकवा येतो' एवढंच न म्हणता काय जमेनासं झालंय ते सांगा. 'आधी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन न थांबता वर जायचे, आता पहिल्या मजल्यावर टेकावं लागतं' असं सांगितलं की डॉक्टरांचं पेन थांबतं, ते तुमच्याकडे बघतात.

रक्तात न सापडणाऱ्या दोन गोष्टी विसरू नका. एक झोपेतलं घोरणं. मिस्टरांना विचारा, घोरता घोरता श्वास मधेच अडकतो का? तसं असेल तर आठ तास काय, दहा तास झोपूनही उपयोग नाही, त्याची वेगळी तपासणी असते. दुसरं मन. घरचे 'मनाचं आहे' म्हणतात ते टोमण्यासारखं, पण पहाटे तीन-चारला जाग येणं, आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणं, उगाच रडू येणं असं असेल तर तोही खराखुरा आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं किंवा ते डांबरासारखं काळं शौच, यातलं काही झालं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? मग तरी 'काही नाही' ऐकून घरी बसू नका. पुन्हा जा, तेच डॉक्टर तीन महिन्यांनी परत बघतील. काही जणांना, कित्येकदा एखाद्या तापानंतर, असा थकवा जडतो की विश्रांतीनं जात नाही आणि थोडं जास्त काम केलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं. त्यांना 'रोज थोडा व्यायाम वाढवा' म्हणणं महागात पडतं. उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये या आजारासाठी (डॉक्टर त्याला एमई/सीएफएस म्हणतात) ठराविक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला काढून टाकला. तुम्हाला काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी असं होतं का, हे आठ-दहा दिवस डायरीत टिपून ठेवा, डॉक्टरांना कामी येईल.

लोहच कमी निघालं तर महिन्याभरात बरं वाटायला लागेल आणि गोळ्या सोडाव्याशा वाटतील. सोडू नका, कोठार भरायला काही महिने लागतात. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. थायरॉइडची गोळीही सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी आणि लोहाची तिच्यानंतर चार तासांनी. हे वेळापत्रक डॉक्टर घाईत सांगायचं विसरतात, म्हणून मीच रिपोर्टच्या पाकिटावर लिहून देतो.