वाचकांचे प्रश्न : सुरक्षित ड्रायव्हिंगचे धडे आणि कॉपीराइट

गाडी शिकवणाऱ्यांकडून आणि रस्ता सुरक्षेचं काम करणाऱ्यांकडून या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची अडचण एकच आहे: चांगलं साहित्य हाताशी आहे, ते सगळ्यांपर्यंत पोचवायचं आहे, पण हक्क कुणाचा हे कळत नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेत आहोत.

प्रश्न : शिकाऊ चालकांसाठी मी एक पुस्तिका तयार केली आहे. दोन सेकंदांचा नियम, आरसे पाहण्याचा क्रम, थांबण्याच्या अंतराचा तक्ता हे सगळं वेगवेगळ्या पुस्तकांतून घेतलं. हा कॉपीराइटचा भंग होतो का?

काय घेतलंत त्यापेक्षा कसं घेतलंत यावर ते ठरतं. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर निदान दोन सेकंदांचं आणि पावसात त्याच्या दुप्पट अंतर ठेवावं, वळण्याआधी आरसा, मग इंडिकेटर, मग ब्लाइंड स्पॉटकडे, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या भागाकडे, मान वळवून नजर, ही माहिती आणि पद्धत कुणाच्याही मालकीची नाही. कॉपीराइट असतो तो ती सांगणाऱ्या विशिष्ट शब्दांवर, चित्रांवर आणि मांडणीवर. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स करारातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे: संरक्षण अभिव्यक्तीला आहे, कल्पना, कार्यपद्धती किंवा गणिती संकल्पनेला नाही. त्यामुळे पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलेला धडा तुमचा आहे. चार शब्द इकडचे तिकडे केलेला परिच्छेद मात्र मूळ लेखकाचाच राहतो.

थांबण्याच्या अंतराचा तक्ता उतरवून घेऊ नका, स्वतः मांडा. यात कॉपीराइटपेक्षाही सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे. वेग मीटर प्रति सेकंदात आणा, म्हणजे ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा. त्याला प्रतिक्रियेच्या वेळेने गुणलं की ब्रेक लागण्याआधी कापलेलं अंतर मिळतं. वेगाचा वर्ग करून त्याला मंदनाच्या (ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला जितका वेग घटतो त्याच्या) दुपटीने भागलं की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मिळतं. प्रतिक्रियेला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर ताशी ५० ला १४ अधिक १४, म्हणजे सुमारे २८ मीटर लागतात. ताशी १०० ला २८ अधिक ५५, म्हणजे ८३ मीटर. ओल्या रस्त्यावर मंदन ४ धरा, तेच आकडे ३८ आणि १२४ होतात.

उतरवलेल्या तक्त्यात ही गृहीतकं गळून पडतात. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या अधिकृत रस्ता-नियमपुस्तिकेत ताशी ३० मैलांना ९ अधिक १४, म्हणजे २३ मीटर दिले आहेत. तिथे प्रतिक्रियेला सेकंदाचा साधारण दोन-तृतीयांश भागच धरलेला आहे. ताशी ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. एका पुस्तकातली ही ओळ आणि दुसऱ्यातली ५० किलोमीटरची ओळ शेजारी ठेवली, तर वेग फक्त दोन किलोमीटरने वाढला आणि अंतर पाच मीटरने, असं दिसतं. शिकणारा गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस सोयीचा, म्हणजे कमी अंतराचा आकडा धरतो. तक्त्याखाली गृहीतकं छापलीच पाहिजेत.

प्रश्न : रस्त्यावरच्या चिन्हांची चित्रं आणि सरकारी नियमपुस्तिका तरी मोकळी असते ना?

प्रत्येक देशात उत्तर वेगळं आहे. कायदे आणि अधिकृत मजकूर यांना संरक्षण द्यायचं की नाही, हे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने त्या त्या देशावर सोडलेलं आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर तिथे कॉपीराइट नसतो, पण राज्यांच्या चालक-पुस्तिकांना ही सवलत आपोआप लागू होत नाही. ब्रिटनचा ‘हायवे कोड’ खुल्या सरकारी परवान्याखाली वापरता येतो. मात्र स्रोताचा उल्लेख करावा लागतो आणि त्या परवान्यात सरकारी बोधचिन्हं व इतरांच्या मालकीची चित्रं येत नाहीत. त्याच देशात लेखी परीक्षेच्या सरावाचा अधिकृत प्रश्नसंच छापायचा तर वेगळा परवाना लागतो. तेव्हा ‘सरकारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. पुस्तिकेच्या मलपृष्ठावरचा हक्कांचा मजकूर वाचा आणि त्याचा फोटो तारखेसह जपून ठेवा.

चिन्हांचं म्हणाल, तर पुष्कळ देशांची चिन्हं १९६८ च्या व्हिएन्ना करारातल्या नमुन्यांवर बेतलेली आहेत. आपल्या देशाच्या नियमांत दिलेली मापं आणि रंग घेऊन ती स्वतः रेखाटणं सर्वांत बिनधोक. एखाद्या प्रकाशकाच्या रंगीत तक्त्याचं स्कॅन घेतलं, तर तुम्ही चिन्हाबरोबर त्याची रचना, छाया आणि मजकूरही उचलता.

प्रश्न : आम्ही एक पैसाही घेत नाही. मग कुणी हरकत का घ्यावी?

फुकट वाटणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. शिकवण्यासाठी बहुतेक कायद्यांत काही सूट असते, पण ती सहसा वर्गापुरती आणि गरजेपुरती असते. तीस जणांच्या वर्गात एक पान पडद्यावर दाखवणं आणि तेच अख्खं पुस्तक पीडीएफ करून सर्वांसाठी चढवणं यांत कायदा मोठा फरक करतो. साहित्य आधीच मालकाच्या जागेवर मोफत असेल तर दुवा पाठवा. त्यात आणखी एक फायदा आहे: नियम बदलला की वाचणाऱ्याला नवी आवृत्तीच दिसते.

प्रश्न : आमचं स्वतःचं साहित्य खुलं करायचं आहे. पण कुणी त्यात चुकीचे बदल केले तर जिवावर बेतेल. ‘बदल करू नये’ अशी अट घालावी का?

भीती रास्त आहे, पण आमच्या मते ही अट घालू नये.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे आपलं साहित्य ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारे तयार परवाने, २००२ पासून आहेत आणि सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. त्यातला ‘बदल नको’ हा परवाना निवडलात, तर भाषांतर करून वाटता येत नाही, कारण भाषांतर हाही बदलच. ताशी मैलांचे किलोमीटर करून वाटता येत नाहीत. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातल्या आकृत्या उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी फिरवून देता येत नाहीत. म्हणजे ज्यांना तुमच्या धड्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तेच बाहेर राहतात. ज्याला बेफिकिरीने मोडतोड करायची आहे, तो अट वाचतच नाही.

‘व्यापारी वापर नको’ या अटीचंही तसंच. व्यापारी लाभ किंवा मोबदला हा मुख्य हेतू असलेल्या वापराला ती अट मनाई करते. शुल्क घेऊन शिकवणारी ड्रायव्हिंग स्कूल नेमकी याच कचाट्यात सापडते. शिकाऊ चालक तर तिथेच बसलेले असतात. शिवाय या अटीचा मजकूर आणि ‘श्रेयनिर्देश–समान वाटप’ (निर्मात्याचं नाव द्या, सुधारित आवृत्तीही त्याच अटींवर वाटा) परवान्याखालचा मजकूर एकत्र गुंफून नवा धडा करता येत नाही, दोन्हींच्या अटी एकमेकींना छेदतात.

‘श्रेयनिर्देश’ किंवा ‘श्रेयनिर्देश–समान वाटप’ यांपैकी एक घ्या. दुसऱ्यात सुधारित आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवावी लागते, म्हणून पुस्तिकांसाठी आमचा कल तिकडे आहे. तुमच्या भीतीवरचा उपाय या दोन्ही परवान्यांतच आहे. ४.० मध्ये बदल केला असेल तर तसं नमूद करणं बंधनकारक आहे, तुमचा पाठिंबा असल्याचं भासवता येत नाही, आणि बिघडवलेल्या आवृत्तीवरून तुमचं नाव काढा असं तुम्ही सांगितलंत तर शक्य तितकं ते काढावं लागतं. त्याला एका सवयीची जोड द्या: प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक, तपासल्याची तारीख, कोणत्या देशाच्या नियमांना धरून आहे आणि मूळ प्रत कुठे मिळेल, या चार गोष्टी छापा. फक्त मुखपृष्ठावर छापू नका. पानं सुटी होऊन फिरतात आणि मुखपृष्ठ मागे राहतं.

परवाना जाहीर करण्याआधी एक वही उघडा. प्रत्येक चित्र, फोटो आणि उताऱ्यापुढे नाव, निर्माता, स्रोत, परवाना आणि केलेला बदल लिहा. चित्रकार आणि भाषांतरकार यांची लेखी संमती घ्या. तुम्ही नोकरीत असताना हे लिहिलं असेल तर हक्क बहुधा संस्थेचा असतो, तेव्हा संस्थेचंही पत्र लागेल. जे आपलं नाही ते आपल्याला खुलं करता येत नाही, आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही.

प्रश्न : दुसऱ्या देशातल्या खुल्या आकृत्या आरशासारख्या उलटवल्या की काम भागतं का?

नाही. अख्खं चित्र उलटवलं की गाड्यांची बाजू आणि स्टीअरिंग बदलतं, पण अक्षरं आणि आकडे उलटे होतात, पेडलही उलटे दिसतात. ते मात्र सगळीकडे सारखेच असतात: उजव्या कडेला अ‍ॅक्सिलरेटर, त्याच्या डावीकडे ब्रेक आणि सगळ्यात डावीकडे क्लच. ज्यांना डावी-उजवी बाजू आहे अशी चिन्हंही एकेक तपासावी लागतात. राउंडअबाउटचे बाण आधी बघा: डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत उलट. प्राधान्य कुणाला हे आकृतीवरून ठरवू नका, स्थानिक नियमातून घ्या. स्वतः आकृत्या काढत असाल तर मजकूर, वाहनं आणि रस्ता वेगळ्या थरांत ठेवा आणि प्रत्येक भाग वेगळा बदलता येईल अशी एसव्हीजी फाइलही सोबत द्या. नुसता जेपीजी दिला की पुढच्या माणसाला सगळं नव्याने काढावं लागतं.

प्रश्न : डॅशकॅमच्या चित्रफिती धड्यात वापरू का?

स्वतःच्या असतील तर वापरा, पण नंबरप्लेट आणि चेहरे अस्पष्ट करा. तो कॉपीराइटचा नाही, खासगीपणाचा भाग आहे. गाडीत रेडिओ चालू असेल तर मूळ आवाज काढून टाका, नाहीतर गाण्याच्या हक्कापायी फीत खाली उतरवली जाते. दुसऱ्याची फीत असेल तर लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : आमची खुली पुस्तिका एकाने नाव काढून छापली, तीही जुनी आवृत्ती. काय करावं?

आधी साधं पत्र पाठवा: कोणतं पान, कोणता परवाना, कोणती ओळ हवी आणि नवी फाइल सोबत. श्रेय न दिल्यामुळे त्यांचा परवाना संपुष्टात आलेला असतो. पण ४.० आवृत्तीत, चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. हे पत्रात लिहा, म्हणजे समोरच्याला वाट दिसते. मात्र जुनी प्रत वाटणं परवान्याच्या विरोधात नाही, त्यामुळे ती बदलण्याची तुम्ही विनंतीच करू शकता. कोणता नियम बदलला आणि जुन्या आकड्यामुळे नेमका कोणता धोका होतो, हे दोन ओळींत सांगा. नावाच्या तक्रारीआधी ते लिहा.