वाचकांचे प्रश्न : बाइकला अलार्म लावला आणि वायरिंग बिघडलं

प्रश्न : अलार्म बसवल्यापासून गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टक-टक करतो. बॅटरी ५ अँपिअर-अवरची आहे, फार जुनीही नाही. अलार्मच खराब निघाला का?

उत्तर : असेलही, पण मोजल्याशिवाय तो बदलू नका. किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मल्टिमीटर त्या वायरच्या व निगेटिव्ह टर्मिनलच्या मधे जोडा. लाल प्रोब १० अँपिअरच्याच सॉकेटमध्ये घाला. करंट मिळताच अलार्मचा मुख्य डबा, म्हणजे मॉड्यूल, जागं होतं, सायरन चिवचिवतो, आणि मीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर असेल तर त्याचा फ्यूज उडतो. मीटर जोडलेला असताना सेल्फला हात लावायचा नाही.

रिमोटने अलार्म लावा, दोन मिनिटं थांबा आणि आकडा वाचा. ०.०३ किंवा ०.०४ दिसलं, तर साधारण ३५ मिलिअँपिअर करंट जातोय. दिवसाला ०.८४ अँपिअर-अवर, म्हणजे तीन दिवसांत निम्मी बॅटरी संपली. तेवढ्यावर सेल्फ फिरत नाही, तुमची तक्रार या हिशेबात बसते. चांगला अलार्म झोपेत काही मिलिअँपिअरच खातो. ५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाचे ०.१२ अँपिअर-अवर होतात.

आता अलार्मचा फ्यूज काढा. आकडा शून्यावर आला तर करंट अलार्मच्या बाजूनेच जातोय. तसाच राहिला तर अलार्म निर्दोष आहे. बसवताना उघडलेले बाकीचे कपलर (वायरी जोडणारे प्लग), सोललेल्या वायरी तपासा. अलार्मच्या बाजूला नेहमी सापडणारं कारण म्हणजे इंजिन बंद करणारा रिले (कॉइलमधल्या करंटवर चालणारा स्विच) रात्रंदिवस ओढलेला, म्हणजे चालू, राहणं. रिलेची कॉइल ८० ओहमच्या आसपास असते, तिला १२ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर लागतात. इतक्यावर ५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड दिवसही टिकत नाही. त्याची जोडणी शेवटच्या उत्तरात दिली आहे.

काम झाल्यावर लाल प्रोब परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये न्यायला विसरू नका. तो १० अँपिअरमध्येच राहिला आणि पुढच्या वेळी प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले, तर तो सरळ शॉर्ट आहे.

प्रश्न : डावा इंडिकेटर दिला की उजवाही लुकलुकतो. अलार्म बसवण्याआधी असं नव्हतं.

उत्तर : अलार्मला इंडिकेटरसाठी एकच वायर असणार आणि ती दोन्ही बाजूंना एकत्र पिळून जोडली असणार. त्यामुळे डावी-उजवी बाजू कायमची एक झाली. खात्री करायची तर अलार्मचा कपलर काढून चालणार नाही, कारण जोड कपलरच्या पुढे हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये, आहे. तो पिळलेला सांधाच सोडवून बघा.

उपाय दोन डायोडचा; डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. अलार्मच्या वायरला दोन फाटे फोडा, प्रत्येक फाट्यात एक डायोड घाला, डायोडवरचा पट्टा बल्बच्या दिशेला ठेवा. मग अलार्मकडून करंट दोन्हीकडे जातो, पण एका बाजूचा दुसरीकडे वळत नाही. डायोड कोणता, इथे बरेच जण चुकतात. १० वॅटचे दोन फिलामेंट बल्ब म्हणजे एका बाजूला सुमारे १.७ अँपिअर. हाताशी असतो तो १एन४००७ फक्त १ अँपिअरचा, तो तापून जातो. ३ अँपिअरचा १एन५४०८ घ्या. इंडिकेटर एलईडीचे असतील तर १एन४००७ आरामात चालेल.

चारही फिलामेंट बल्ब मिळून ३.३ अँपिअर ओढतात, वर सायरन. म्हणून अलार्मच्या पॉझिटिव्ह वायरला ५ अँपिअरचा फ्यूज ठेवा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज मॉड्यूलजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडीच राहते; ती फ्रेमला घासून सोलली की जळते.

प्रश्न : सेल्फ दाबला की सायरन वाजतो. किकने गाडी बिनतक्रार सुरू होते.

उत्तर : सेल्फ फिरताना व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल रीसेट होतं. सेल्फ दाबून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा चार्ज नाही. बॅटरीवर ठीक, पण मॉड्यूलच्या वायरींवर कमी दिसलं तर अर्थची (निगेटिव्हची) जोडणी कच्ची आहे. रंगवलेल्या फ्रेमच्या बोल्टखाली रिंग दाबली असेल, तर तिथे धातूला धातू लागतच नाही. अलार्मची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

प्रश्न : शेजारून ट्रक गेला तरी बोंब मारतो.

उत्तर : सेन्सिटिव्हिटी एक पायरी कमी करा. मॉड्यूल साइड पॅनलला चिकटवलं असेल तर काढून फ्रेमला घट्ट बांधा. प्लास्टिकचा पत्रा वाऱ्यानेही थरथरतो.

प्रश्न : चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडलं. अलार्म काढल्यावर परत कधी पडलं नाही. इंजिन-कट जोडूच नये का?

उत्तर : जोडा, पण असा, की अलार्म मेला तरी इंजिन चालू राहील. रिलेच्या पायांवर आकडे असतात. सीडीआय म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारा डबा; तो बॅटरीवर चालत असेल तर डीसी-सीडीआय. अशा गाडीत सीडीआयला जाणारी किल्लीची १२ व्होल्टची वायर कापा. किल्लीकडचं टोक ३० ला, सीडीआयकडचं ८७ए ला. ८७ए हा रिले सुटलेला असताना जुळलेला संपर्क आहे, त्यामुळे मॉड्यूल जळलं किंवा कपलर निघाला तरी ठिणगी तुटत नाही. तुमच्याकडे बहुधा ८७ वापरला गेला आणि रिले सुटताच सीडीआयचा करंट गेला. रस्त्याच्या मधोमध हे जिवावर बेतू शकतं.

कॉइलचं ८६ टोक ३० वरच्याच वायरला द्या, ८५ अलार्मच्या निगेटिव्ह आउटपुटला. अशाने अलार्म लावलेला असताना कुणी किल्ली फिरवली तरच रिले ओढतो, एरवी बॅटरीतून काहीच जात नाही. ८५ आणि ८६ च्या मधे एक १एन४००७ घाला, पट्टा ८६ कडे. रिले सुटताना कॉइलमधून येणारा झटका मॉड्यूलपर्यंत पोचत नाही.

एसी-सीडीआय (बॅटरीऐवजी इंजिनवरच्या कॉइलवर चालणारा) असेल तर यातलं काही लागू नाही. तिथे इंजिन बंद करणारी वायर अर्थ केली की ठिणगी थांबते, आणि चालत्या इंजिनात त्या वायरवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात. किल्ली चालू आहे का ते ओळखणारी अलार्मची बारीक वायर चुकून तिला जोडली तर मॉड्यूल गेलंच.

सांधे क्लिपने दाबू नका, ती तारा कापते आणि पावसाळ्यात आतून गंजते. सोल्डर करा, श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर टायने बांधा. सोल्डर जिथे संपतं तिथेच हादऱ्याने तार मोडते. शेवटी अलार्मचा कपलर काढून गाडी सुरू करा. सुरू झाली नाही तर कट वायर अजून ८७ वरच आहे.